डाव्या बाजूची बेल

सोमवार, ९ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

इन्चार्ज सिस्टर यांस,

वरची तारीख आणि वेळ पत्राची नाही, प्रकाराची आहे. पत्र मी मंगळवारी, १० मार्चला लिहिते आहे. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं की तक्रार करायची तर आधी तारीख, मग वेळ, मग काय झालं ते. आणि रडायचं असेल तर घरी जाऊन. त्याच क्रमाने सांगते.

तुमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर माझी धाकटी बहीण आहे. साठीला आली तरी घरात तिला बारकीच म्हणतात. घड्याळं दुरुस्त करते. तीन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यात गाठ झाली म्हणून तो डोळा काढला आणि नकली बसवला. आता तोच कॅन्सर यकृतात उतरला आहे. त्यावर तुम्ही दर सोमवारी सलाइनमधून औषध देता. पहिल्या काही वेळा औषधानंतर हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब घसरतो, म्हणून रात्रभर ठेवून घेऊन लक्ष ठेवायचं, असं तुमच्याच डॉक्टरांनी मला सांगितलं. काल दुसरी खेप होती.

मी नेहमी बेलच्या बाजूला खुर्ची टाकते. वेळ पडली तर हात पोचला पाहिजे. काल सकाळी बघते तर बेल डावीकडच्या कठड्याला. मी ती उजवीकडे लावली. औषधाच्या दुकानातून परत आले तर पुन्हा डावीकडे! वाद घालण्यात अर्थ नव्हता, मी खुर्चीच उचलून डावीकडे नेली. पावणेचारला चहा प्यायला खाली गेले. परत आले तेव्हा दात वाजल्याचा आवाज दारातून ऐकू येत होता. पांघरूण जमिनीवर. ओठ निळसर. ती उजव्या हाताने उजवा कठडा चाचपत होती. आणि बेल जिकडे तिला डोळाच नाही तिकडे, उशीच्या मागे लोंबत होती.

खाटेच्या वर तुमच्या हातचा कागद चिकटवलेला आहे: ‘डावीकडचं दिसत नाही. उजवीकडून या, आधी बोला, मग हात लावा.’ अक्षर सुरेख आहे. वाचतं कोण?

मी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. बोर्डावर दिवा लागला आणि कुणी कॉल उचलला नाही, तर तिकडच्या टोकाला माणूस जात असेल, असं नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सुनवत असे. बारकीला नवरा नाही, मूल नाही. मी आहे. तिला या आजारात एकटं पडू देणार नाही, एवढं एकच काम मी आता हाती घेतलं आहे, आणि त्यात तुमच्या वॉर्डाने मला तोंडघशी पाडलं.

बेल कुणी हलवली? चारचा ताप चारला का बघितला नाही? शनिवारी दुपारी बाराच्या आत लेखी खुलासा हवा.

खिडकीजवळच्या पेशंटची थोरली बहीण
निवृत्त पर्यवेक्षक, टेलिफोन एक्स्चेंज

—

१३ मार्च

आदरणीय बाई,

शनिवारच्या आत उत्तर देते आहे. तुमच्या नन्सच्या वर्गात मी टिकले असते असं वाटत नाही.

चारचा ताप आणि रक्तदाब बघायला आमची नर्स सव्वाचारला आली. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ पडले होते, ती त्यांना उचलत होती. उशीर मी समजू शकते. पण तक्त्यावर तिने ‘चार’ लिहिलं, ते समजू शकत नाही. तिला लेखी समज दिली आहे. औषधानंतरच्या तासांत यापुढे त्या खाटेसाठी एक नर्स वेगळी असेल. चूक आमची आहे आणि मी माफी मागते.

बेल मात्र आमच्यापैकी कुणी हलवली नाही. प्रत्येकीला समोर उभं करून विचारलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही. तुमच्या बहिणीशी बोलावं, ही विनंती.

आणखी एक विनंती. ताप आला की बेल वाजवा, जरूर वाजवा. ‘येईलसं वाटतंय’ म्हणून वाजवू नका.

इन्चार्ज सिस्टर

—

१४ मार्च

इन्चार्ज सिस्टर यांस,

माफी पोचली. ती नीट लिहिली आहे म्हणून स्वीकारते.

पण ‘लिहिता येत नाही’ म्हणजे काय? हाताला काही झालंय? बेलला पाय फुटले आणि ती पलीकडे चालत गेली, असं मी समजायचं का?

तुम्ही माझ्या सवयीवर बोट ठेवलंत, तर मीही बोलते. मंगळवारी जेवणाचा ट्रे डावीकडे ठेवून गेल्या आणि तक्त्यात लिहिलं ‘जेवण नाकारलं’. तिने नाकारलं नव्हतं, तिला दिसलंच नव्हतं. त्याआधी एका शिकाऊ डॉक्टरने रक्तदाब उतरलेला पाहून तिच्या डाव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि आरडाओरडा केला की बाहुली हलत नाही, मेंदूचा स्कॅन काढा! चौघे धावत आले. त्या हुडहुडीतही बारकी म्हणाली, “डॉक्टर, तो डोळा पैसे देऊन आणलाय. तुमच्यासाठी हलायचा नाही.” सगळे हसले. मला हसू आलं नाही. तेवढा वेळ सलाइन वाढवायचं सोडून तुमची माणसं एका खोट्या डोळ्याची तपासणी करत होती.

माझ्या आयुष्यात तीन प्रकारच्या सिस्टर आल्या. पहिल्यांनी छड्या मारल्या, दुसरी माझी स्वतःची, आणि तिसऱ्या तुम्ही. पहिल्या निदान खरं बोलायच्या.

बेल कुणी हलवली, ते लेखी हवं.

थोरली बहीण

—

१८ मार्च

ताई,

बेल मी हलवली. त्या सिस्टरला छळणं बंद कर. तुझ्यासाठी म्हणून तिने मला तीनदा विचारलं, “सांगू का त्यांना?” मी नको म्हटलं, म्हणून ती गप्प बसली आणि तुझी बोलणी खाल्ली.

कारण साधं आहे. उजव्या हातात सलाइनची सुई, त्यात बेलची वायर गुंतायची. झालं. यात कटकारस्थान काही नाही.

आता माझी तक्रार लिहून घे. तू बेल अशी वाजवतेस की एक्स्चेंजला आग लागली आहे. मी शिंकले, बेल. कूस वळले, बेल. आणि परवा तू माझ्याशी बराच वेळ तुझ्या शेजारणीचं भांडण बोलत होतीस ना, तेव्हा मी झोपले होते. माझा हा डोळा पुरता मिटत नाही. तू त्याच्याशीच बोलत होतीस. त्याने ऐकून घेतलं असेल, तो स्वभावाने चांगला आहे.

परवापासून ताप नाही. दुकानात चार घड्याळं पडून आहेत. भिंग उजव्या डोळ्याला लावायची सवय आता झाली आहे, फक्त चिमटा अजून डावीकडे भरकटतो.

तू डावीकडेच बसत जा. तिथे बरं पडतं.

बारकी

—

२७ एप्रिल

इन्चार्ज सिस्टर यांस,

मागच्या खेपेचे शब्द मागे घेते, सगळे नाही. छड्यांबद्दलचं वाक्य ठेवा, बेलबद्दलचं काढून टाका. वायरचं मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोघींचा कागद वाचला असता.

आता ताप येत नाही आणि बारकी त्याच दिवशी घरी जाते, हे तुम्हाला माहीतच आहे. तिचं घर म्हणजे दुकानावरची एक खोली. मी रोज दुपारी जाते, तिच्या डावीकडे खुर्ची टाकते आणि संध्याकाळी परत येते. माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर ‘घड्याळं कोण बघणार?’ म्हणते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अंगभर पुरळ आणि खाज आहे. नखं मी कापते, तरी झोपेत ओरबाडून घेते. काय लावायचं?

दुसरं म्हणजे तिच्या पापण्या आणि भुवया पांढऱ्या झाल्या. पंधरा दिवसांत! आरशात बघून म्हणाली, “पापण्या म्हाताऱ्या झाल्या, डोळा मात्र दुकानातून आणल्यासारखा.” डॉक्टर म्हणाले की औषध रंगाच्या पेशींवर काम करतं, त्याचं हे लक्षण, आणि ज्यांच्यात असं दिसतं त्यांच्यात कधीकधी औषध चांगलं लागू पडतं. ‘कधीकधी’ ते फार हळू म्हणाले. मला चांगलं ऐकू येतं, पण मी ‘लागू पडतं’ तेवढंच घरी आणलं.

थोरली बहीण

—

३० एप्रिल

आदरणीय बाई,

आंघोळ कोमट पाण्याने, गरम नको. साबण बिनवासाचा, तोही थोडाच. अंग ओलसर असतानाच साधं मलम चोळा आणि उन्हात जाताना बाह्या झाकलेल्या असू द्या. झोपताना सुती हातमोजे. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गोळी देतील. फोड आले, कातडी सोलवटली, ताप आला किंवा लघवी गडद झाली तर सोमवारची वाट पाहू नका. नकली डोळा हाताळण्याआधी हात धुवा. खाज सुटली की त्या डोळ्याखाली त्या बोट घालतात, मी पाहिलंय. रागवा.

पापण्यांबद्दल. औषधाने रंगाच्या पेशींना गाठलं, एवढं नक्की. यकृतातल्या गाठींना गाठलं का, ते स्कॅन सांगेल. तुमची आशा मला मोडायची नाही, पण ती पापण्यांवर टांगू नका.

आणि तुम्ही डावीकडे का बसायचं, हे कधीतरी त्यांना विचारून बघा. वायर केव्हाच निघाली.

इन्चार्ज सिस्टर

—

१३ जून

इन्चार्ज सिस्टर यांस,

स्कॅन चांगला आला! बारकीने स्वतः सांगितलं. आता दर सोमवारी यायला नको, महिन्यातून एकदा दाखवलं की झालं. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं, पण गेले काही सोमवार ती मला बरोबर येऊ देत नाही. म्हणते, “एक्स्चेंज बंद झालं ताई, आता घरी बस.”

खाणं कमी आहे, दोन घास झाले की पोट भरलं म्हणते. पण अंगाने भरते आहे. स्कर्टचा पट्टा मी दोनदा सैल करून दिला. पोट सुटलंय बघ, म्हणून मी चिडवलं तर म्हणाली, “आरामाचं पोट आहे.” चांगल्या डोळ्याचा पांढरा भाग जरा पिवळट वाटतो, तो बहुतेक दुकानातल्या दिव्यामुळे. दिवा बदलायला सांगितला आहे.

तुमच्याशी भांडून का होईना, तुम्ही तिला नीट सांभाळलंत. पुढची तारीख कळवा, म्हणजे ती मला चुकवून जाणार नाही.

थोरली बहीण

—

१६ जून

आदरणीय बाई,

पेशंटच्या स्कॅनबद्दल त्यांच्या परवानगीशिवाय लिहिण्याचा मला हक्क नाही. ती परवानगी मी मागितली. मिळाली नाही.

पण तुम्ही मला जे लिहिलंत त्याचं उत्तर मी देऊ शकते. ते मी रस्त्यातल्या माणसालाही दिलं असतं. यकृताचा आजार असलेल्या माणसाचं खाणं घटलं, पोट वाढलं आणि डोळा पिवळा झाला, तर ते अंग भरणं नव्हे. दिवा बदलून काही होणार नाही.

पत्र मिळताच त्यांच्याकडे जा. उजव्या बाजूने जा.

इन्चार्ज सिस्टर

—

२१ जून

ताई,

हे पत्र मी चार बैठकांत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

बुधवारी तू दुकान बंद बघून इथे आलीस आणि खालच्या वॉर्डाच्या दाराशी जो तमाशा केलास, तो मला आत शब्दन् शब्द ऐकू आला. “मी व्हिजिटर नाही, मी तिची बहीण आहे!” बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, “तुमची बहीण वकील होती का हो?” मी म्हटलं, “नाही, तिला फक्त एकाच लाइनवर बोलायची सवय नाही.” तुला आत न घेण्याचं मी सांगितलं होतं. सिस्टर तुझ्या बाजूने माझ्याशी भांडली, हेही लिहून ठेवते.

स्कॅन वाईट होता. मेच्या अखेरीस कळलं. यकृतात नव्या गाठी, जुन्याही वाढलेल्या. औषध थांबवलं. दुसरं एक देता येईल म्हणाले, पण देणाऱ्याच्याच तोंडावर भरवसा दिसला नाही, म्हणून मी नको म्हटलं. बुधवारी सकाळी मीच फोन करून इथे भरती झाले. तो वॉर्ड कसला, ते तू पाटीवर वाचलंच असशील. पोटातलं पाणी सुईने काढलं, आता श्वास घेता येतो. मॉर्फिन चालू आहे. दुपारी दोन-तीन तास मी बरी असते.

बेलबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले. वायर कशातही गुंतत नव्हती.

पहिल्या सोमवारी मला हुडहुडी भरली तेव्हा तू उजवीकडे होतीस. तापात मला तुझा चेहरा तेवढा दिसत होता. तोंडाने तू “काही नाही, काही नाही गं” म्हणत होतीस, आणि चेहरा मला पोचवून आल्यासारखा. ताई, आईच्या वेळी तुझा हाच चेहरा होता. मला उरलेल्या एका डोळ्याने दर सोमवारी तो बघवेना. बेल जिथे असेल तिथे तू बसणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून बेल डावीकडे. तू कितीही वेळा उजवीकडे लाव, मी तुझी पाठ वळली की पुन्हा तिकडेच.

तुझा हात मला हवा होता. आवाजही हवा होता, शेजारणीच्या भांडणासकट. फक्त चेहरा नको होता. त्या दिवशी तू चहाला गेलीस आणि थंडीत मला बेल सापडेना, ती माझीच करणी. आणि बोलणी खाल्ली त्या बिचाऱ्या पोरींनी.

आता बेल पलीकडे सरकवायची ताकद नाही, मान वळवायला त्रास होतो. तू आलीस तर मला चुकवता येणार नाही. म्हणून येऊ नको म्हटलं.

रागावायचं ते लिहून रागाव.

बारकी

—

सोमवार, २२ जून

बारके,

वाचलं. लिहून रागवायची परवानगी दिलीस, उपकार झाले.

म्हणजे मार्चपासून मी तुझ्या नसलेल्या बाजूला बसत होते. सिस्टरने मला एप्रिलमध्येच विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. तू ‘तिथेच बस’ म्हणायचीस, ते मला ऐकायला गोड वाटायचं. आणि तिकडे बसून मी किती धीराचं तोंड करत होते! ओठ मिटून, पाठ ताठ, अगदी नन्ससारखी. कुणासाठी? त्या दुकानातून आणलेल्या डोळ्यासाठी. हसायचं असेल तर हस, मीही काल घरी हसले. मग जे व्हायचं ते झालं.

माझा चेहरा तुला बघवत नाही. बरं. तुला नवा डोळा मिळाला, मला या वयात नवा चेहरा कुठे मिळणार? तोंड बंद ठेवणं मात्र जमेल. ‘काही नाही’ हे शब्द मी पुन्हा काढणार नाही. ते खोटं होतं, आणि मी ते आईलाही म्हटलं होतं. तूही ‘आरामाचं पोट’ म्हणालीस. तुझा हिशोब तू बघ.

रिकामी बसलेली नाही. शनिवारपासून सिस्टर मला वरच्या मजल्यावर शिकवते आहे, आधी बाहुलीवर, मग एका आजीबाईंवर, त्यांच्या परवानगीने. ओल्या बोळ्याने तोंड आतून कसं पुसायचं. कुशीवर वळवताना पोटाखाली उशी कशी द्यायची. नकली डोळ्यावरची पापणी पुरती मिटत नाही म्हणून तो कोरडा पडतो, त्यात थेंब कसे घालायचे. आता माझा प्रत्येक थेंब डोळ्यातच पडतो. सिस्टर म्हणाली, “बाई, नर्स व्हायला हवं होतं तुम्ही.” मी म्हटलं, “तुम्हाला कामावरून काढलं असतं मी.” आमचं आता बरं जमतं.

आता मुद्द्याचं. मी आत येणार. किती वेळ, ते तू ठरव; नळी, मॉर्फिन, औषध, तेही तूच ठरव, मी एका शब्दाने आडवी येणार नाही. पण मी तुला एकटं पडू देणार नाही, हे काम मी मार्चमध्ये हाती घेतलं आहे आणि सोडलेलं नाही. ‘येऊ नको’ हे उत्तर मी अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवीन.

मला फक्त बाजू सांग.

डावी लिहिलीस तर मी डावीकडे बसेन, तुझा हात धरेन, शेजारणीचं राहिलेलं भांडण सांगेन, आणि तिथे माझा चेहरा मला हवा तसा होईल, तू बघायला जायचं नाहीस. उजवी लिहिलीस तर जे दिसेल ते बघायची तयारी ठेव, कारण आता मी ते लपवणार नाही. तुला पोचवून आल्यासारखा दिसतो म्हणतेस. तो तसा नाही. तू जाऊ नयेस असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा असाच दिसतो. आईला मी हे सांगितलं नाही, तुला सांगते.

बेल तुझ्या उजव्या हाताखाली, चादरीला पिन लावून बसवायला सांगितली आहे. ती आता तिथेच राहील, मी कुठेही बसले तरी.

मी दाराबाहेरच्या बाकावर आहे. खुर्ची माझी मी आणली आहे. उत्तर लेखी हवं. एक शब्द पुरे. हात चालत नसेल तर सिस्टर लिहील, पण खाली खूण तुझी पाहिजे. बुधवार, २४ जून, दुपारी चारच्या आत. मुदत वाढवून देणं माझ्या हातात नाही.

तुझी ताई